एकाच सौरडागावर सगळ्या दुर्बिणी कशाला?

तिरीप

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न इथे मांडतो. सूर्यावर मोठा सक्रिय प्रदेश (तीव्र चुंबकीय क्षेत्राचा, डागसमूहाचा भाग) आला, की जमिनीवरच्या दुर्बिणी आणि अवकाशातली यानं मिळून त्याच्याकडे बघायला लागतात. संयुक्त निरीक्षण मोहीम म्हणून बातम्या येतात आणि सगळ्यांना आनंद होतो. मला मात्र यात थोडी उधळपट्टी दिसते.

सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे एसडीओ ही अवकाशातली वेधशाळा, २०१० पासून दर १२ सेकंदांनी अख्ख्या सूर्यबिंबाची चित्रं वेगवेगळ्या तरंगलांबींत घेत आहे. मोठा प्रदेश तिच्या नजरेतून सुटत नाहीच. मग हिनोडे आणि आयरिस ही यानं, स्पेनच्या ला पाल्मा बेटावरची स्वीडिश दुर्बीण, हवाईतली ४ मीटरची इनौये दुर्बीण, या सगळ्यांनी पुन्हा तिथेच का बघायचं? सौरचक्राच्या (डागांच्या साधारण अकरा वर्षांच्या चढउताराच्या) कमाल काळात बिंबावर एका वेळी दहा-बारा क्रमांकित प्रदेश असू शकतात. एकेकाने एकेक वाटून घेतला तर कितीतरी जास्त प्रदेशांची बारीक माहिती हाती लागेल. दुर्बिणीचा वेळ इतका दुर्मीळ, त्यात सगळ्यांची एकाच दारात गर्दी.

माझं मत सरळ आहे: वाटून घेणं हा नियम असावा, एकत्र येणं हा अपवाद. आणि दुसरा प्रश्न, कुठे बघायचं हे शेवटी ठरवतं कोण?

वावटळ

जागा धरून बसतोय. मृगशीर्ष ताई येईपर्यंत कोणी निकाल लावू नका.

पाचवा_कोन

तिरीप, तुम्ही सगळ्या दुर्बिणींना एकच समजताय, तिथेच घोळ आहे. एसडीओवरचा एचएमआय हा मापक सूर्याच्या पृष्ठभागावरचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. एआयए हा दुर्बीणसंच प्रामुख्याने अतिनील प्रकाशातली कोरोनाची, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या तप्त वातावरणाची, चित्रं देतो. चित्र म्हणजे फक्त कुठे किती उजेड आहे ते. वायू वर चाललाय की खाली, किती वेगाने, घनता किती, तापमान किती, हे कळायला वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून केलेली नोंद, लागतो आणि तो एआयएकडे नाही. आयरिस आणि हिनोडेवरचा ईआयएस वर्णपट घेतात, पण त्यांना एका वेळी छोटासा तुकडाच दिसतो. तो तुकडा नेमका तोच असावा लागतो, नाहीतर खालचं चुंबकीय क्षेत्र एका प्रदेशाचं आणि वरचा वेग दुसऱ्याचा. अशा दोन अर्ध्या माहितींची बेरीज होत नाही.

सूर्यफूल

मी नवीन आहे, सांभाळून घ्या. "छोटासा तुकडा" म्हणजे नेमका केवढा?

मृगशीर्ष

सूर्यफूल, चांगला प्रश्न विचारलास, तिरीप यांचं उत्तरही त्यातच आहे.

पृथ्वीवरून सूर्याचा व्यास साधारण १,९२० आर्कसेकंद दिसतो (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग). बिंबाच्या मध्यावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. आयरिसच्या वर्णपटमापकाची फट १७५ आर्कसेकंद लांब आहे, पण रुंदी फक्त ०.३३ आर्कसेकंद. म्हणजे सूर्यावर जेमतेम २४० किलोमीटर रुंदीची चीर. आयरिस शेजारची चित्रंही घेतं आणि त्यांत ही फट मधोमध काळ्या उभ्या रेघेसारखी दिसते. सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा ऊर्जेचा अचानक स्फोट, पेटली की तिच्या पायथ्याशी दोन झगझगीत पट्टे उमटतात आणि एकमेकांपासून लांब सरकत जातात. तो पट्टा काळ्या रेघेवरून गेला, तर वायू सेकंदाला किती किलोमीटर वेगाने खाली दाबला गेला हे मोजता येतं. पट्टा रेघेच्या शेजारीच थबकला, तर डोळ्यांना सगळं दिसतं आणि मोजायला काही मिळत नाही. मी विश्लेषणाचं काम करते, असे संच कितीतरी वेळा उघडले आहेत. प्रकाशाची रेघ फटीकडे सरकत येते, आपण चित्रामागून चित्र पुढे ढकलत जातो, आणि ती दोन आर्कसेकंद अलीकडेच विझते.

आता उलट उदाहरण. २९ मार्च २०१४, एआर १२०१७ (एआर म्हणजे सक्रिय प्रदेश, पुढे त्याचा क्रमांक), एक्स १ वर्गाची ज्वाला (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग, एम त्याखालचा). त्या दिवशी न्यू मेक्सिकोतल्या सॅक्रमेंटो पीकवरची डन सौर दुर्बीण, आयरिस, हिनोडे, एसडीओ आणि तीव्र क्ष-किरण टिपणारा रेसी उपग्रह, सगळ्यांची नजर तिथे होती. ज्वालेत ऊर्जा सुटते कोरोनात. तिथून वेगवान इलेक्ट्रॉन खाली येतात आणि वर्णावरणावर, म्हणजे कोरोनाखालच्या थरावर, आदळतात, तिथला वायू तापून पुन्हा वर उसळतो. त्या दिवशी इलेक्ट्रॉनांचा मारा रेसीने दाखवला, वर्णावरणाची प्रतिक्रिया आयरिस आणि डन दाखवतात, वर भरणारा तप्त वायू ईआयएस आणि एआयए दाखवतात, पायाचं चुंबकीय क्षेत्र एचएमआय. कारण एकाकडे, परिणाम दुसऱ्याकडे. एक सुटा ठेवा आणि बाकीच्यांच्या निष्कर्षांत अंदाज घुसतो. त्या एका ज्वालेवर नंतर कितीतरी शोधनिबंध निघाले, ते उगाच नाही.

तेव्हा तिरीप, दहा प्रदेश एकेका उपकरणाने पाहिले तर दहा अर्धवट गोष्टी हाती येतात. मला एक पूर्ण गोष्ट हवी आहे.

वावटळ

बघा, म्हटलं होतं ना, थांबा म्हणून.

जुनी_वही

ताई, तुमच्या मुद्द्याला आधार द्यायला मी १८५९ मध्ये जातो.

१ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टन इंग्लंडमध्ये आपल्या वेधशाळेत सौरडागांची रेखाटनं करत होता. एका मोठ्या समूहावर अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके पेटले आणि काही मिनिटांत मावळले. त्याच वेळी दुसरीकडे रिचर्ड हॉजसननेही तेच पाहिलं. दोघांना एकमेकांची कल्पना नव्हती. एकट्या कॅरिंग्टनचं म्हणणं असतं तर दुर्बिणीत परका उजेड शिरला असेल म्हणून सोडून देता आलं असतं, आणि त्याला स्वतःलाही आधी तीच शंका आली होती. दोघांची टिपणं जुळली म्हणून गोष्ट मानावी लागली. शिवाय लंडनजवळच्या क्यू इथल्या चुंबकमापकावर त्याच सुमाराला एक छोटा झटका नोंदला गेला होता आणि पुढच्या रात्री मोठं भूचुंबकीय वादळ आलं. सौरज्वालेची ही पहिली नोंद. दोन दुर्बिणी आणि एक चुंबकमापक यांची न ठरवता झालेली संयुक्त मोहीमच म्हणा.

ठरवून करायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात जगभरच्या वेधशाळांनी सूर्यावर पहारा ठेवला. सूर्य खवळल्याची चिन्हं दिसली की सर्वांना इशारा जायचा आणि विशेष निरीक्षणांचा काळ जाहीर व्हायचा. तेव्हा कृत्रिम उपग्रहांचा जमाना नुकता उजाडत होता, निरोप जायचे तारेने आणि रेडिओवरून.

तिरीप

जुनी_वही, हे वाचून खरंच छान वाटलं. ताईंचा मुद्दाही कळला. पण एक्स १ ची ज्वाला नेमकी सगळे बघत असतानाच झाली हे नशीब म्हणायचं ना? अशा किती मोहिमांत सगळे टक लावून बसतात आणि प्रदेश ढिम्म हलत नाही? तो वेळ वायाच ना?

ध्रुवमत्स्य

तिरीप, तुमच्या बाजूने उभा राहतो, कारण मात्र वेगळं आहे.

माझी तक्रार गर्दीबद्दल नाही, गर्दी कधी जमते त्याबद्दल आहे. प्रदेश मोठा झाला, गुंतागुंतीचा झाला, एखादी एक्स ज्वाला देऊन मोकळा झाला, की सगळे धावतात. ऑक्टोबर २०१४ मधला एआर १२१९२ आठवा. १९९० नंतरचा सर्वांत मोठा डागसमूह, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांना दिसायचा. एक्स वर्गाच्या सहा ज्वाला दिल्या आणि त्यांतल्या एकीबरोबरही मोठं द्रव्यउत्सर्जन, म्हणजे अवकाशात फेकला जाणारा तप्त वायूचा लोट, बाहेर पडलं नाही. वरच्या चुंबकीय क्षेत्राचा पिंजरा इतका मजबूत, की आतला स्फोट आतच राहिला.

आता याच्या उलट एआर १२६७३. ऑगस्ट २०१७ च्या शेवटी हा एक साधा, गोल, म्हातारा डाग होता. सौरचक्र उतरणीला लागलेलं, कोणी त्याच्याकडे फारसं बघावं असं काही नव्हतं. ३ सप्टेंबरच्या सुमाराला त्याच्या शेजारी नवं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने वर आलं, आणि ६ सप्टेंबरला एक्स ९.३, त्या चक्रातली सर्वांत मोठी ज्वाला. पेटीत दारू भरली जात होती ते दिवस मला पाहायचे आहेत, आणि नेमक्या त्याच दिवसांत बारीक नजरेची उपकरणं बहुधा दुसरीकडे असतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की एकत्र जरूर या, पण प्रदेश जन्मतोय तेव्हा या आणि टिकून राहा.

पाचवा_कोन

ध्रुवमत्स्य, जन्मतोय हे आधी कळायला हवं ना. पृष्ठभागाखाली चुंबकीय क्षेत्र वर येतंय हे खात्रीने सांगण्याची पद्धत अजून हातात नाही.

टिकून राहण्याच्याही अडचणी आहेत. सूर्य पृथ्वीवरून पाहता साधारण २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. म्हणजे कोणताही प्रदेश आपल्याला सलग तेराचौदा दिवस दिसणार, त्यातले कडेचे दिवस फारसे उपयोगाचे नाहीत, कारण तिथे सगळं तिरकं, दबलेलं दिसतं. हिनोडेला मे ते ऑगस्ट पृथ्वीची सावली आडवी येते, प्रत्येक फेरीत काही काळ अंधार. आयरिसचा तसा काळ साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोघेही पृथ्वीभोवती शंभरएक मिनिटांत एक फेरी मारतात आणि दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सारी पट्ट्यातून जाताना चित्रांवर कणांचा मारा होतो. वेळापत्रक करणारी माणसं हे सगळं चुकवत चुकवत निरीक्षणं बसवतात.

भिंगवाला

जमिनीवरच्यांचं गाऱ्हाणंही ऐका. माझी छोटी हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्य दाखवणारी) दुर्बीण आहे, हौशी माणूस. ऊन तापायला लागलं की जमिनीवरून गरम हवा उठते आणि डागाच्या कडा पाण्याखाली असल्यासारख्या हलतात. मोठ्या वेधशाळांचंही तेच दुखणं, म्हणून त्या समुद्रातल्या डोंगरांवर किंवा तळ्यात बांधल्या. कॅलिफोर्नियातली बिग बेअर तळ्यात आहे, आपली उदयपूरची फतेहसागरच्या बेटावर. पाणी हळू तापतं, हवा शांत राहते.

ला पाल्माला चांगली हवा मिळते ती बहुतेक सकाळी. हवाईत सकाळ होते तेव्हा ला पाल्माला संध्याकाळ जवळ आलेली असते. मग दोन्ही दुर्बिणींनी एकाच वेळी एकाच डागाचं उत्तम चित्र घ्यायचं कसं?

(हौशी मित्रांना नेहमीची विनंती: योग्य फिल्टर पुढे बसवल्याशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघू नका. डोळा जातो आणि त्या वेळी दुखतही नाही.)

वावटळ

सूर्य एक, पण प्रत्येकाची सकाळ वेगळी. सगळ्यांच्या सोयीची मीटिंग ठरवणं ग्रहमालेतही अवघडच म्हणायचं.

सूर्यफूल

पण मग ठरवतं कोण? तिरीप यांचा दुसरा प्रश्न राहिलाच.

मृगशीर्ष

राहिला होता खरा. एक हुकूम देणारा असा कोणी नाही, आणि मला वाटतं ते चांगलंच आहे.

पहिली पायरी काही महिने आधीची. संशोधक प्रस्ताव लिहितो: मला अमुक प्रश्न सोडवायचा आहे, त्यासाठी ही दोन यानं आणि ही दुर्बीण अमुक दिवसांत एकत्र हवी. सोहो यानाच्या काळात, १९९५ नंतर, अशा कार्यक्रमांना जॉप म्हणायचे. हिनोडेवर हॉप आहेत, आयरिसलाही जोडून घेतलं की आयहॉप. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि कोणतं उपकरण किती वेळाने काय घेईल हे त्यात लिहिलेलं असतं. कुठल्या प्रदेशाकडे बघायचं ते मात्र रिकामं ठेवतात. महिन्यांनंतर सूर्यावर काय असेल ते कोणाला ठाऊक?

दुसरी पायरी शेवटच्या एकदोन दिवसांची. ताजे चुंबकीय नकाशे बघून लक्ष्य निवडतात आणि यानांच्या नियोजकांना कळवतात. ज्वालांच्या मोहिमांसाठी मॅक्स मिलेनियम नावाचा कार्यक्रम आहे. त्यातले निरीक्षक रोज एक प्रदेश सुचवतात आणि चिन्हं फार गंभीर असतील तर मोठ्या ज्वालेच्या पहाऱ्याचा इशारा देतात. तो बंधनकारक नसतो, पण सगळ्यांना एक समान खूण मिळते. निवडताना सर्वांत आधी बघतात डेल्टा डाग, म्हणजे एकाच उपछायेच्या (डागाच्या फिकट कडेच्या) आत विरुद्ध ध्रुवांच्या दोन गडद छाया खेटून बसल्या आहेत का. मोठ्या ज्वाला बहुतेक अशाच जागी होतात.

तिरीप, ढिम्म बसलेल्या प्रदेशाबद्दल तुम्ही विचारलंत. तो वेळ वाया जात नाही. एकसारखे दिसणारे दोन प्रदेश, एक पेटतो आणि दुसरा नाही. न पेटलेल्याचं तितकंच बारीक निरीक्षण हातात नसेल तर पेटणाऱ्यात वेगळं काय होतं हे कसं सांगणार? माझ्या कामात शांत प्रदेशांचे संच ज्वालांइतकेच उपयोगी पडले आहेत.

ध्रुवमत्स्य

शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. हे लोकांना पटवून द्यायला हवं. बातमी ज्वालेचीच होते.

पाचवा_कोन

नियोजनात मला सर्वांत थरारक वाटतं ते रॉकेटवाल्यांचं काम. १७ एप्रिल २०२४, अलास्कातलं पोकर फ्लॅट. फॉक्सी-४ आणि हाय-सी फ्लेअर ही दोन उपकरणं दोन रॉकेटांवर चढवून तयार. अशी रॉकेटं वातावरणाबाहेर जाऊन काही मिनिटांत खाली येतात, निरीक्षणाला मिळतात जेमतेम पाच मिनिटं. पूर्वी अशी उड्डाणं ठरलेल्या वेळी व्हायची, सूर्य जे दाखवील ते घ्यायचं. इथे त्यांनी उलटी गणती थांबवून ठेवली आणि गोज उपग्रहाच्या क्ष-किरण आलेखावर डोळे लावून बसले. आलेख वर चढायला लागला की ठरवायचं: ही खरी ज्वाला, की मध्येच बसणारा फुसका उंचवटा? घाई केली तर रॉकेट फुकट, उशीर केला तर ज्वाला संपली. त्या दिवशी एम १.६ वर्गाच्या ज्वालेवर दोन्ही रॉकेटं एका मिनिटाच्या अंतराने सुटली.

तिरीप, ती दोन्हीही एकाच ठिकाणी बघत होती बरं का.

तिरीप

:) टोला पोचला.

सूर्यफूल

आणि आपलं आदित्य-एल१? ते या सगळ्यात कुठे बसतं?

पाचवा_कोन

आदित्य ६ जानेवारी २०२४ पासून एल१ या, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या बिंदूभोवतीच्या कक्षेत आहे. तिथे ना पृथ्वीची सावली, ना रात्र. त्यावरची सूट दुर्बीण, पुण्याच्या आयुका संस्थेने बनवलेली, २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्य पाहते. हा जवळच्या अतिनील प्रकाशाचा पट्टा, आणि एवढा सलग पट्टा अख्ख्या बिंबावर अवकाशातून इतर कोणी नियमित टिपत नाही. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ ज्वाला सूटने पकडली.

मला त्यातलं आवडतं ते यानावरचंच समन्वयन. हेलिओस हे तीव्र क्ष-किरण मोजणारं उपकरण ज्वालेची चाहूल लागताच इशारा देतं, सूट स्वतःच्या चित्रात ती जागा शोधतं आणि तेवढाच तुकडा भराभर टिपायला लागतं. जमिनीवरून आज्ञा यायची वाट नाही. हिनोडेवरही क्ष-किरण दुर्बिणीने ज्वाला ओळखून इतर उपकरणांना कळवण्याची सोय आहे. माणसाने ईमेल वाचून ठरवेपर्यंत ज्वालेचा चढता भाग निघून जातो, आणि मोलाचा भाग तोच.

जुनी_वही

थोडं अवांतर. कोडईकनालला १९०४ पासून सूर्याची छायाचित्रं घेतली जात आहेत. १९०९ मध्ये जॉन एव्हरशेडने तिथेच सौरडागाच्या उपछायेतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे वर्णपटातून दाखवलं. त्या काचपट्ट्या आता अंकीय स्वरूपात आल्या आहेत. वेगवेगळ्या दशकांतल्या निरीक्षणांची सांगड घालणं हेही एक समन्वयनच आहे, फक्त वेळेच्या अक्षावर.

सूर्यफूल

अवांतर चालू द्या, मजा येतेय. अजून एक शंका. सगळ्या दुर्बिणी "त्याच ठिकाणी" बघतात म्हणजे जागा कळवतात कशी? सूर्य तर फिरतोय.

पाचवा_कोन

पृथ्वीजवळच्यांसाठी बिंबाच्या मध्यापासून किती आर्कसेकंद पूर्व-पश्चिम आणि किती उत्तर-दक्षिण, असे दोन आकडे देतात. पण नुसते आकडे निरुपयोगी, सोबत वेळ हवी. मध्यावरचा डाग तासाला साधारण १० आर्कसेकंद पश्चिमेकडे सरकतो. आयरिसच्या फटीची रुंदी आठवा. सकाळचे आकडे घेऊन दुपारी बघाल तर डाग केव्हाच पुढे गेलेला. म्हणून निरीक्षण होईल त्या वेळी तो कुठे असेल ते काढून तोच आकडा पाठवतात. तरीही दोन उपकरणांत थोडा फरक पडतोच, तो नंतर दोघांची चित्रं एसडीओच्या चित्रावर जुळवून काढून टाकतात. तिरीप, अख्खं बिंब बघणाऱ्या एसडीओचा मोठा उपयोग हा आहे, की ती सगळ्यांचा नकाशा आहे.

सूर्याभोवती फिरणारं सोलर ऑर्बिटर यान आलं की वेगळाच खेळ. ते सूर्याच्या दुसऱ्या बाजूलाही असू शकतं, तेव्हा त्याचा मध्य आणि आपला मध्य वेगळा. मग सूर्यावरचे अक्षांश-रेखांशच वापरावे लागतात. त्याच्या बारीक नजरेच्या दुर्बिणी यानालाच घट्ट बसवलेल्या आहेत, एकीला वळवायचं तर अख्खं यान वळतं. म्हणजे त्या यानावर तुमची वाटणी शक्यच नाही. आणि लक्ष्य काही दिवस आधी कळवावं लागतं.

तिरीप

हे सगळं वाचून माझं मत जरा हललं आहे, पूर्ण नाही. एका जागी अनेक थर एकाच वेळी पाहायला हवेत, हे पटलं. न पेटलेल्या प्रदेशाचा मुद्दा तर मला सुचलाच नव्हता. पण वाटणी हवी ही माझी मागणी अजून आहे, आता ती दिशांची आहे. सगळे पृथ्वीकडूनच का बघतात? चारपाच यानं सूर्याभोवती चहूकडे ठेवली तर ध्रुवमत्स्य म्हणतात ते टिकून बघणंही जमेल.

ध्रुवमत्स्य

याची चुणूक मिळाली आहे. मे २०२४ मध्ये ज्याने मोठं भूचुंबकीय वादळ आणलं आणि जगभर नेहमीच्या पट्ट्याबाहेर ध्रुवीय प्रकाश दाखवला, तो एआर १३६६४. आपल्या बाजूने तो मावळला आणि पलीकडे असलेल्या सोलर ऑर्बिटरच्या नजरेत राहिला. २० मे ला त्याने पलीकडे अंदाजे एक्स १२ ची ज्वाला दिली, ती त्या यानावरच्या स्टिक्स या क्ष-किरण मापकाने टिपली, पृथ्वीवरून कोणाला दिसली नसती. पुढच्या फेरीला तो आपल्याकडे आला तेव्हा त्याला नवा क्रमांक मिळाला, १३६९७. दोन्ही बाजूंची निरीक्षणं जोडून या एका प्रदेशाचा जवळजवळ सलग ९४ दिवसांचा इतिहास मांडला गेला. पहिल्या डागापासून विरघळून जाईपर्यंत.

मला हवं होतं ते हेच. आणि तिरीप, यात तुमची वाटणीही आहे, ताईंची एकजूटही आहे.

भिंगवाला

पलीकडची चाहूल जमिनीवरूनही लागते. गाँग नावाच्या जाळ्यात सहा केंद्रं आहेत, उदयपूर त्यातलं एक. सूर्याच्या आतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींच्या वेळेत पडणाऱ्या फरकावरून पलीकडच्या मोठ्या प्रदेशाचा धूसर ठिपका काढतात. बारकावे नाहीत, पण पूर्वेच्या कडेवरून काहीतरी मोठं येतंय हे आधी कळतं. मी तो ठिपका पाहूनच सकाळी लवकर दुर्बीण लावतो.

मृगशीर्ष

तिरीप, दिशांच्या वाटणीला माझा मनापासून पाठिंबा, कारण त्याने एक जुनी गाठ सुटते. प्रकाशाच्या ध्रुवणावरून (प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात त्यावरून) चुंबकीय क्षेत्र मोजताना आपल्या नजरेला आडव्या असलेल्या घटकाची रेषा कळते, पण बाण कोणत्या टोकाला हे कळत नाही. १८० अंशांची संदिग्धता राहते आणि ती काही गृहीतकं धरून सोडवावी लागते. डेल्टा डागांसारख्या गुंतागुंतीच्या जागी ती गृहीतकंच डळमळीत होतात. तोच प्रदेश एचएमआयने इकडून आणि सोलर ऑर्बिटरवरच्या पीएचआय या चुंबकीय क्षेत्र मापकाने वेगळ्या कोनातून पाहिला, तर गृहीतकाशिवाय बाण ठरवता येतो. त्यासाठी दोघांना तोच प्रदेश, त्याच वेळी, दोन कोनांतून दिसायला हवा.

मात्र "त्याच वेळी" म्हणजे काय ते नीट बघावं लागतं. सोलर ऑर्बिटर सूर्याच्या जवळ, ०.२९ खगोलीय एककांवर असेल, तर सूर्यावरची घटना त्याला आपल्या जवळजवळ सहा मिनिटं आधी दिसते. ज्वालेच्या हिशोबात सहा मिनिटं म्हणजे सगळा चढ.

भिंगवाला

ताई, म्हणजे मी त्यांची चित्रं उतरवून माझ्या हायड्रोजन-अल्फा चित्रांशेजारी ठेवली तर सहा मिनिटं मिळवायची का?

मृगशीर्ष

सरसकट सहा नाही, त्या दिवशी यान सूर्यापासून किती लांब होतं त्यावर अवलंबून. पण हिशोब स्वतः करायची गरज नाही. त्यांच्या फाइलच्या शीर्षनोंदीत निरीक्षणाच्या वेळेशेजारी डेट-ईअर नावाची नोंद असते, ती पृथ्वीवर प्रकाश पोचण्याची वेळ. तुमच्या घड्याळाशी तीच जुळवा. घड्याळ मात्र आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत लावलेलं हवं, आणि सेकंदांपर्यंत.

भिंगवाला

धन्यवाद ताई. मे २०२४ ची माझी चित्रं आहेत, १३६६४ ची. सोलर ऑर्बिटरचं काही जुळतंय का बघतो आणि इथेच टाकतो.

तिरीप

टाकाच. मी एसडीओची त्याच वेळांची चित्रं काढून ठेवतो, जुळवायला नकाशा लागेल.